गाणं एका रात्रीचं, शाळा दहा वर्षांची



गेल्या महिन्यात आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत एक ठराव आला. नवरात्रात झिम्मा-फुगडी, भारूड, जात्यावरच्या ओव्या असा कार्यक्रम तिकीट लावून करायचा आणि जमलेले पैसे गावातल्या तीन मुलींच्या पुढच्या शिक्षणाला द्यायचे. तिघी दहावी झाल्यात. दोघींचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, तिसरीला वडीलच नाहीत. बैठकीत सगळ्यांना कल्पना आवडली, टाळ्या वाजल्या. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली एक ताई म्हणाली, "कार्यक्रमात नाचायला येईन. तिकिटं विकायला मला सांगू नका."

का, ते आम्हाला माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी बाहेरगावचे काही लोक आले होते. अनाथ मुलांच्या शिक्षणासाठी जादूचे प्रयोग आहेत म्हणाले, तिकीट पन्नास रुपये. या ताईनं दारोदार फिरून साठ तिकिटं खपवली. प्रयोग झाला, पोरं हसली, मंडळी गाडीत बसून गेली. पुढे सहा महिने लोक हिला विचारत राहिले, "काय गं, ती अनाथ मुलं शिकली का?" हिच्याकडे ना पावती, ना पत्ता. पैसे कुणी खाल्ले की खरंच कुठल्या मुलांपर्यंत पोहोचले, हे आजही आम्हाला सांगता येत नाही. पण गावात मान खाली घालून चालावं लागलं ते हिला.

म्हणून आजच्या भाषणाचा विषय हाच घेतला. गाणं, नाटक, नाच करून गरिबांच्या मुलांसाठी पैसा उभा करायची पद्धत जगभर आहे. कुणी तिला मदतीचा प्रयोग म्हणतं, कुणी चॅरिटी शो. त्यात पैसा कसा येतो, कुठे अडतो, आणि मुलांपर्यंत नक्की काय पोहोचतं, ते बघू.

ज्यांनी साठी ओलांडली आहे त्यांना १९७१ साल आठवत असेल. त्या वर्षाच्या शेवटी साध्या पत्रालाही पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं, निर्वासितांच्या मदतीसाठी. पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, मार्च महिन्यात लष्करानं लोकांवर शस्त्र उचललं होतं. त्याआधी नोव्हेंबर १९७० मध्ये तिथे भयंकर चक्रीवादळ होऊन गेलेलं. जवळजवळ एक कोटी माणसं सीमा ओलांडून आपल्याकडे आली. छावण्यांमध्ये पटकी पसरली. सगळ्यात जास्त हाल लहान मुलांचे.

सतारवादक पंडित रविशंकर मूळचे बंगाली घराण्यातले. ते तेव्हा अमेरिकेत होते. त्यांना वाटलं आपण एक मैफल करावी, थोडेफार पैसे पाठवावेत. त्यांचा एक शिष्य होता, जॉर्ज हॅरिसन. बीटल्स नावाच्या जगप्रसिद्ध इंग्रज गाणाऱ्या चौकडीतला एक. वय अवघं अठ्ठावीस. गुरूनं शब्द टाकला आणि या पोरानं ओळखीतल्या मोठमोठ्या गायकांना फोन लावले. पाच-सहा आठवड्यांत सगळं उभं राहिलं. १ ऑगस्ट १९७१, रविवार, न्यूयॉर्क शहरातलं मॅडिसन स्क्वेअर गार्डन नावाचं प्रचंड सभागृह. दुपारी एक प्रयोग, रात्री एक. दोन्ही मिळून सुमारे चाळीस हजार माणसं.

सुरुवात आपल्या वाद्यांनी झाली. सतारीवर रविशंकर, सरोदवर उस्ताद अली अकबर खाँ, तबल्यावर उस्ताद अल्लारखा आणि तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती. गंमत म्हणजे त्यांनी आधी वाद्यं सुरात जुळवून घेतली, तर लोकांनी तेच गाणं समजून टाळ्यांचा कडकडाट केला! रविशंकरही हसून म्हणाले की जुळवणं एवढं आवडलंय तर पुढचं वाजवणं आणखी आवडेल. त्यानंतर हॅरिसन, बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार अशी त्या काळातली मोठी नावं मंचावर आली.

आता पैशाचं बघा. तिकिटांतून आलेले २,४३,४१८ डॉलर आणि वर ५० सेंट, एवढा चेक थोड्याच दिवसांत युनिसेफला दिला गेला. युनिसेफ म्हणजे संयुक्त राष्ट्रांची मुलांसाठी काम करणारी संस्था. आपल्या अंगणवाडीत आणि शाळेत तिचं नाव तुम्ही वाचलं असेल. इथपर्यंत सगळं छान. पण खरा मोठा पैसा तिकिटांचा नव्हताच. त्या कार्यक्रमाच्या तीन तबकड्यांचा संच निघाला, पुढच्या वर्षी सिनेमा निघाला, आणि त्यातून लाखो डॉलर येऊ लागले. ते अडकले. कार्यक्रमाच्या आधी करमाफीची कागदपत्रं रीतसर झालेली नव्हती. अमेरिकेच्या कर खात्यानं बोट ठेवलं आणि पैसा वर्षानुवर्षे पडून राहिला. इंग्लंडमध्येही तबकड्यांवर कर लागला, तो हॅरिसनला स्वतःच्या खिशातून भरावा लागला. अमेरिकेत अडकलेली मोठी रक्कम सुटायला दहा वर्षं लागली. १९८५ पर्यंत सगळं मिळून सुमारे एक कोटी वीस लाख डॉलर बांगलादेशाकडे गेले असं सांगतात.

दहा वर्षं. १९७१ मध्ये छावणीतल्या चिखलात पाच वर्षांचं जे पोर उभं होतं ते तेव्हा पंधराचं झालं होतं. पैसा वाया गेला असं मी म्हणत नाही, पुढच्या मुलांना तो उपयोगी पडला. पण ज्याच्या नावानं गाणं झालं त्याच्या हातात तो वेळेवर पडला नाही. आणि यात कुणाची नियत खोटी नव्हती, हे लक्षात घ्या. हॅरिसननं स्वतःचे पैसे घातले. चुकलं ते कागदात. आपल्या गटात आपण म्हणतो ना, "जाऊ द्या ताई, सही नंतर करू," ते मला ही गोष्ट वाचताना फार आठवलं.

दुसरी गोष्ट याच्याही शंभर वर्षं आधीची, आणि खरं सांगू, मला ही जास्त जवळची वाटते. कारण यात गाणारे मोठे कलाकार नव्हते, गरजू मुलंच गात होती.

अमेरिकेत काळ्या लोकांना गुलाम करून ठेवलं होतं हे तुम्हाला ठाऊक असेल. आपल्या जोतिबा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं, ते त्यांनी अर्पण केलं ते याच गुलामांच्या सुटकेसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. तिथे गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं कित्येक राज्यांत गुन्हा होता. १८६५ मध्ये युद्ध संपलं, गुलामगिरी गेली. आणि पुढच्याच वर्षी, १८६६ च्या जानेवारीत, टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल गावी फिस्क नावाची शाळा सुरू झाली. जागा कुठली, तर सैन्याच्या दवाखान्याच्या जुन्या लाकडी बराकी. सात वर्षांच्या पोरापासून सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत लोक पाटी घेऊन आले. गुलामांच्या बाजारातल्या गंजलेल्या बेड्या भंगारात विकून त्यातून अक्षरओळखीची पुस्तकं आणली, असं सांगतात.

पाच वर्षांत बराकी कुजायला आल्या, शाळेवर कर्ज चढलं, बंद करायची वेळ आली. शाळेचा खजिनदार जॉर्ज व्हाइट हाच मुलांना गाणं शिकवायचा. त्यानं ठरवलं, मुलांना घेऊन गावोगाव गायचं आणि पैसे आणायचे. ६ ऑक्टोबर १८७१ ला नऊ विद्यार्थी निघाले. बहुतेक जण गुलामीतच जन्मलेले. त्यात एला शेपर्ड नावाची वीस वर्षांची मुलगी पियानो वाजवायची आणि गाणीही बसवून घ्यायची. तिच्या वडिलांनी पैसे मोजून तिला गुलामीतून सोडवून आणलं होतं. आपल्याच लेकीला विकत घ्यायचं!

सुरुवात वाईट झाली. काळी मुलं म्हणून खाणावळीत घेईनात, रात्री निवारा मिळेना. दौरा निघून दोन-तीन दिवस होतात तोच शिकागो शहराला प्रचंड आग लागली. या मुलांच्या हातात तेव्हा एका कार्यक्रमाचे पन्नासएक डॉलर आले होते, ते त्यांनी जळालेल्यांना देऊन टाकले. स्वतःची शाळा कर्जात असताना. व्यवहारानं बघाल तर वेडेपणाच. पण त्यानंतर लोक त्यांच्याकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले.

आधी ते गोऱ्या लोकांना आवडतील अशी गाणी गायचे. त्यांच्या आईबापांनी कापसाच्या शेतात राबताना म्हटलेली गाणी त्यांना चारचौघांत म्हणायला नको वाटायची. ती घरातली, दुःखातली, देवाची गाणी. तिकीट घेऊन बसलेल्या परक्यांपुढे ती कशी गायची? आपल्या जात्यावरच्या ओव्यांचंही तसंच नाही का? सासरचा जाच जात्याला सांगायचा, मंडपाला नाही. पण एकदा ती गाणी त्यांनी गायली आणि सभा स्तब्ध झाली. मग त्यांचं नावच झालं, ज्युबिली सिंगर्स. १८७२ मध्ये ते अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांपुढे गायले, १८७३ मध्ये इंग्लंडात राणी व्हिक्टोरियापुढे. आलेल्या पैशातून शाळेची पक्की, उंच इमारत उभी राहिली, ज्युबिली हॉल. १ जानेवारी १८७६ ला तिचं उद्घाटन झालं. ती आजही उभी आहे, फिस्क आता विद्यापीठ आहे, आणि ६ ऑक्टोबर हा दिवस तिथे दरवर्षी पाळतात.

आता याची दुसरी बाजू. १८७८ पर्यंत ही मुलं सतत फिरत होती. थंडी, रेल्वे, रोज नवं गाव, रोज उभं राहून गाणं. कुणाची तब्येत कायमची गेली, कुणाचा आवाज गेला. ज्या शाळेसाठी गात होते तिचेच वर्ग त्यांचे बुडत होते. इमारत झाली, पण ती बांधणाऱ्यांचं शिक्षण मागे पडलं. हा हिशेब कुठल्याच वहीत लिहिलेला नसतो.

आजच्या काळातलंही असंच एक उदाहरण आहे. आफ्रिकेत युगांडा नावाचा देश. यादवी युद्धानं तिथे हजारो मुलं पोरकी झाली होती. १९८४ मध्ये रे बार्नेट नावाच्या गृहस्थानं तिथल्या लहान मुलांचा एक गायनाचा चमू तयार केला, आफ्रिकन चिल्ड्रन्स कॉयर. मुलं सात ते दहा वर्षांची. अमेरिका, कॅनडा, इंग्लंड अशा देशांत जाऊन रंगीत कपड्यांत गातात, नाचतात, ढोल वाजवतात. येणाऱ्या देणग्यांतून त्यांचं आणि त्यांच्यासारख्या इतर मुलांचं शिक्षण होतं. २००५ मध्ये लंडनला एका मोठ्या मदत-मैफलीतही ती मुलं गायली. दौऱ्यात मुलांबरोबर शिक्षक असतात, अभ्यास चालू ठेवतात, आणि दौरा संपला की मूल घरी जाऊन शाळेत बसतं. ती व्यवस्था फिस्कच्या मुलांना नव्हती.

तरी एक प्रश्न माझ्या मनात राहतोच. गरजू मुलाला स्टेजवर उभं करायचं का? मूल आनंदानं गात असेल तर चांगलंच. पण "हिला वडील नाहीत" असं माईकवर सांगून टाळ्या आणि पैसे गोळा करायचे, ते मूल दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात जाऊन बसणार. आमच्या बैठकीतही कुणीतरी म्हणालं, त्या तिघी मुलींना हार घालून बसवू, म्हणजे लोक सढळ हातानं देतील. मी नको म्हटलं. त्यातल्या एकीची आई तिथेच बसली होती. ती काही बोलली नाही, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून विषय तिथेच थांबला.

आता आपल्या कार्यक्रमाकडे येऊ. आमच्या सचिवताईंनी फळ्यावर हिशेब मांडला, तो तुम्हालाही सांगते. समजा तीनशे तिकिटं, शंभर रुपयांचं एक. झाले तीस हजार. आता मंडप आणि खुर्च्या आठ हजार, स्पीकर आणि लाइट पाच हजार, ढोलकी-पेटीवाले तीन हजार, जनरेटर दीड हजार, तिकिटं आणि बॅनर छापायला एक हजार, चहा-नाश्ता पाचशे. एकोणीस हजार गेले. हातात उरले अकरा हजार. म्हणजे ज्या माणसानं "मुलींसाठी" म्हणून शंभर रुपये दिले, त्यातले छत्तीस-सदतीस मुलींना आणि त्रेसष्टच्या आसपास मंडपाला. फळ्यावर हा आकडा लिहिला तेव्हा सगळ्या गप्प झाल्या.

याला उपाय नाही असं नाही. कार्यक्रम समाजमंदिरात केला तर मंडप वाचतो. स्पीकरवाला गावातलाच आहे, तो डिझेलपुरते पैसे घेईन म्हणतो. खर्चाचा एखादा भाग कुणा दुकानदारानं उचलला तर तिकिटाचा पूर्ण रुपया मुलींना जाईल, आणि तसं तिकिटावर छापताही येईल. आणि सगळ्यात स्वस्त उपाय एका आजींनी सुचवला, तो ऐकून सगळ्या हसल्या. म्हणाल्या, "नाचायचं कशाला? शंभर बायांनी शंभर-शंभर द्या, दहा हजार झाले." हसलो खरं, पण आजींचं गणित बरोबर आहे. मग कार्यक्रम कशाला? तर जे एरवी देणार नाहीत ते कार्यक्रमाला येतात म्हणून, आणि गावासमोर "आमच्या मुली शिकणार" असं उघड म्हटलं जातं म्हणून. नुसत्या पैशासाठी करायचा असेल तर आजींचं ऐकावं.

दुसरा मुद्दा मला त्याहून मोठा वाटतो. गाणं एका रात्री होतं, शिक्षण दरवर्षी लागतं. फिस्कच्या मुलांनी इमारत बांधली, ते जमलं, कारण इमारत एकदा बांधली की उभी राहते. पण एका रात्रीच्या पैशावर बारा महिन्यांची फी, मेस, खोलीभाडं चालत नाही. पहिल्या वर्षी हार-तुरे, दुसऱ्या वर्षी मुलगी फी भरायला घरी बसलेली, हे मी दोन ठिकाणी पाहिलंय. म्हणून कार्यक्रमाचा पैसा एकदाच लागणाऱ्या गोष्टीला वापरावा. सायकल, प्रवेशाची रक्कम, पुस्तकांचा संच, कपाट भरून वाचनालय. दर महिन्याच्या खर्चाला गटाची दर महिन्याची बचत हवी. महिन्याला दहा रुपये जास्तीचे काढले, साठ बाया असल्या, तर वर्षाचे सात हजार दोनशे होतात, आणि ते न चुकता दरवर्षी होतात.

कागदाचंही सांगते, कारण हॅरिसनसारखं व्हायला नको. लोकांकडून मदतीच्या नावाखाली पैसे गोळा करायचे तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं दरवर्षी घेतात तीच, ऑनलाइन अर्ज करता येतो. स्पीकरसाठी पोलिसांची परवानगी वेगळी, आणि रात्री दहाला स्पीकर बंद. तिकिटांना क्रमांक हवेत, कुणाला किती दिली ते वहीत हवं, उरलेली परत मोजून घ्यायची. पैसे कुणाच्या घरी नाहीत, दुसऱ्याच दिवशी बँकेत. आणि कुणी परदेशातले नातेवाईक म्हणाले की आम्ही तिकडे कार्यक्रम करून संस्थेसाठी पैसे पाठवतो, तर लगेच हो म्हणू नका. परदेशी देणगी घ्यायला केंद्र सरकारची एफसीआरए नोंदणी लागते, आणि २०२० पासून तो पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या खात्यातच यावा लागतो. नोंदणी असलेल्या संस्थेलाही तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. "त्यांच्या खात्यात घेऊ, मग आपल्याकडे वळवू" हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

आणि बाहेरचं कुणी तिकिटं विकायला आलं तर? मी आता चारच गोष्टी विचारते. संस्थेचा नोंदणी क्रमांक काय, मुलं कुठल्या गावची कुठल्या शाळेतली, शंभरातले किती त्यांना जाणार, आणि मागच्या वर्षीच्या कार्यक्रमाचा हिशेब कुठे बघायला मिळेल. खरं काम करणाऱ्याला या प्रश्नांचा राग येत नाही. तो फाइल काढून दाखवतो. "ताई, एवढ्या चांगल्या कामात संशय घेता?" असं जो म्हणतो, त्याला चहा पाजावा आणि वाटेला लावावं.

आमचा कार्यक्रम ललिता पंचमीला ठरलाय, समाजमंदिरात. तिकीट पन्नासच ठेवलंय. मुलींना स्टेजवर बोलवायचं नाही, पैसे थेट त्यांच्या कॉलेजच्या प्रवेशाच्या पावतीला जाणार. दुसऱ्या दिवशी जमाखर्च फळ्यावर लिहून फळा ग्रामपंचायतीच्या भिंतीला लावायचा, मंडपवाल्याच्या बिलापासून चहाच्या साखरेपर्यंत. तो फळा कोण लिहिणार असं विचारलं, तेव्हा तीच ताई उठली. तिकिटं विकणार नाही, पण हिशेब मी लिहिते, म्हणाली.